मदत हवी आहे: न्याय पांडुरंगावर सोपवला, तर मोजणीचा अर्ज करावा का?

सर्वांना नमस्कार. शेजारच्या शेतकऱ्याने गेली तीन वर्षे प्रत्येक नांगरटीला आमचा सामाईक बांध थोडाथोडा कोरत नेला असून, यंदा वडिलांनी स्वतःच्या हाताने रोवलेला हद्दीचा दगडही उपटून विहिरीच्या कडेला टाकलेला आढळला. आमच्या घरी वारीची परंपरा आहे. मंबाजीने काटेरी फांदीने मारल्यावरही तुकोबांनी त्याला कीर्तनाला बोलावले, ही कथा सांगून आई म्हणते, पांडुरंग पाहून घेईल. माझीही तीच श्रद्धा आहे, परंतु रात्री झोप लागत नाही. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज केल्यास त्या श्रद्धेत उणीव राहिली असे होईल का? अशा प्रसंगातून गेलेल्यांनी, विशेषतः मनातला द्वेष कसा आवरला याविषयी, कृपया सविस्तर लिहावे.