ल्युपस नेफ्रायटिस आहे आणि बाळाचा विचार चालू आहे

सायली_मुलुंड: वय ३१, ल्युपस नेफ्रायटिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच किडनीवर उलटते तो आजार. मायकोफेनोलेट (प्रतिकारशक्ती दाबणारी), एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन) आणि बीपीची टेल्मिसार्टन चालू आहे. लघवीतलं प्रोटीन आता बरंच उतरलंय. घरी सगळ्यांना नातवंडाची घाई. मला एकच धास्ती आहे, माझं दुखणं बाळाच्या किडनीत उतरेल का?

ज्योती_परळ: सायली, दुखणं जसंच्या तसं बाळाला जात नाही. पण तुझ्या गोळ्यांची नावं वाचून लगेच लिहायला बसले. मायकोफेनोलेटमुळे बाळाच्या कानात, ओठात, टाळूत दोष राहू शकतो. ती दिवस राहण्याआधी किमान ६ आठवडे बंद हवी. बहुतेकांना बदली अ‍ॅझाथायोप्रिन देतात. टेल्मिसार्टन गरोदरपणाच्या पुढच्या महिन्यांत चालू राहिली तर बाळाची किडनी लघवीच तयार करत नाही, गर्भजल आटतं. मनाने काही थांबवू नकोस, पण किडनीच्या डॉक्टरांना या आठवड्यातच गाठ. आजार निदान ६ महिने शांत हवा. तो भडकलेला असताना दिवस राहिले तर बीपी चढतं, वारेतून रक्त नीट पोचत नाही आणि बाळाचं वजन भरत नाही.

अँटी-रो (ल्युपसमध्ये रक्तात सापडणाऱ्या एक प्रकारच्या अँटिबॉडी) तपासलंयस का? माझं पॉझिटिव्ह होतं. या अँटिबॉडी वार ओलांडून बाळाच्या हृदयातल्या विजेच्या वाटेवर हल्ला करू शकतात. १०० बाळांत एखाद-दोघांनाच होतं, पण ती वाट पूर्ण बंद पडली (पूर्ण हार्ट ब्लॉक) तर परत फिरत नाही. म्हणून १६ ते २६ आठवड्यांत परळला फीटल एकोच्या, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाच्या सोनोग्राफीच्या फेऱ्या. अंधाऱ्या खोलीत डॉक्टर स्क्रीन गोठवून वरचा कप्पा आकुंचन पावल्यावर खालचा किती वेळाने पावतो ते मोजायच्या. "वेळेत आहे" म्हणाल्या की मी श्वास सोडायचे. लेक आता बालवाडीत जाते.

संदीप_डोंबिवली: आमच्या मुलाला जन्मानंतर डोळ्यांभोवती लाल चट्टे आले होते. नवजात ल्युपस म्हणाले. ऐकूनच बायको रडली. आईच्या अँटिबॉडी ६-८ महिन्यांत ओसरतात, तसे चट्टेही गेले. उन्हात मात्र नेलं नाही.

सायली_मुलुंड: खूप आभार दोघांचे. शेजारच्या काकू म्हणतात, पोटुशी असताना एचसीक्यूसुद्धा बंद करावी.

ज्योती_परळ: अजिबात नको गं! एचसीक्यू चालूच ठेवायची असते. तिने आजार भडकणं कमी होतं, हार्ट ब्लॉकचा धोकाही. साधारण १२ आठवड्यांपासून कमी डोसची अ‍ॅस्पिरिन जोडतात, तेही विचार. आणि अँटिफॉस्फोलिपिडची (रक्तात गुठळ्या करणाऱ्या अँटिबॉडींची) तपासणी झाली नसेल तर आधी करून घे. ती पॉझिटिव्ह आली तर वारेत गुठळ्या होऊ नयेत म्हणून हेपरिनची इंजेक्शनं लागू शकतात.