पुण्यात प्रभात रोडच्या गल्ल्या गाड्यांना एका तोंडाने बंद कराव्यात का?

गल्लीकर: संध्याकाळी लॉ कॉलेज रोड तुंबला की मोबाईलमधला नकाशा सगळ्यांना आमच्या गल्लीत वळवतो, आणि मग ज्यांचा या गल्लीशी काडीचा संबंध नाही असे लोक दोन मिनिटं वाचवायला हॉर्न दाबत घुसतात, समोरून दुसरी गाडी आली की दोघंही मागे घ्यायला तयार नाहीत. माझं म्हणणं, एका टोकाला खांब रोवा. चालणारे, सायकलवाले जातील, चारचाकी नाही. राहणाऱ्यांना दुसऱ्या तोंडाने येता येईलच की.

सरळमार्गी: रस्ता महापालिकेचा आहे हो, तुमच्या सोसायटीचा नाही! टॅक्स आम्ही कोथरूडवाले पण भरतो. आणि तुमच्याकडची गर्दी हवेत विरणार आहे का, शेजारच्या गल्लीत जाणार. अँब्युलन्स आली तर काय करणार ते सांगा आधी.

गल्लीकर: कुलूप काढून आडवे करता येतील असे खांब असतात, किल्ली अग्निशमन दलाकडे. शेजारची गल्ली म्हणाल तर एकच गल्ली बंद करून काही होणार नाही हे मान्य, म्हणून अख्खा पट्टाच एकदम घ्यायचा. बार्सिलोनात 2016 ला पोब्लेनोऊ भागात असंच केलं, इमारतींचे नऊ ब्लॉक एकत्र घेऊन आतून आरपार जाणंच बंद.

नळस्टॉपची_आत्या: बार्सिलोना कशाला, पीएमपीच्या बसची वाट बघत उभं राहून बघा एकदा. मेट्रो 2022 पासून आहे पण स्टेशनपासून घरापर्यंत फुटपाथवर स्कूटरी लावलेल्या, चालायचं कुठून? लोक गाडी काढणारच.

खडखड्या: खांब नको, स्पीडब्रेकर टाका, काम संपलं.

सरळमार्गी: नको रे बाबा. आमच्याकडे रस्त्याचं काम झाल्यावर उरलेलं डांबर ओतून एक टेकाड केलंय, पांढरे पट्टे नाहीत, रात्री दिसत नाही, आईची कंबर धरली. रस्त्यांचे नियम ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1988 च्या नियमात साधारण 10 सेंमी उंच आणि 3.7 मीटर रुंद असा चढ सांगितलाय, ताशी 25 ने गाडी आरामात गेली पाहिजे. आपल्याकडे रुंदी विसरतात, उंची तेवढी लक्षात राहते.

आत्याचा_भाचा: मूळ दुखणं पार्किंग आहे यार. दोन्ही बाजूंना गाड्या, मधे एकच गाडी जाईल एवढी जागा, सम-विषम तारखेच्या पार्किंगची पाटी फक्त शोभेला. एक बाजू मोकळी केली तर भांडणंच होणार नाहीत.

गल्लीकर: भांडणं होणार नाहीत पण वेग वाढेल! रुंद झाली की अजून जोरात मारतील, सकाळी शाळेच्या व्हॅन उभ्या असतात तिथे. पार्किंगची बाजू दर पन्नास पावलांवर बदलली तर गाडीला नागमोडी जावं लागतं, ते चालेल मला.

सरळमार्गी: हे ठीक वाटतंय. पण खांबांना माझा विरोधच, आधी शनिवार-रविवार पिंपं ठेवून बघा आणि भांडारकर रोडवाल्यांनाही विचारा, त्यांच्या दारात काय होतंय ते.

नळस्टॉपची_आत्या: पिंपं सोमवारपर्यंत राहतील का तिथे?