एका डिस्कवर दोन बिऱ्हाडं : विंडोजशेजारी लिनक्स

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षेची चिप) नसलेली किंवा इंटेलच्या आठव्या पिढीआधीची कितीतरी धडधाकट यंत्रं विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत. त्यामुळे 'विंडोज असू दे, बाजूला लिनक्स टाकून बघू' म्हणणारे वाढलेत. हे ज्यांनी अनेकदा केलंय त्यांनी काय करायचं, कुठे फसतं आणि का, एवढंच लिहावं. 'आमच्या वेळी फ्लॉपीवरून' छापाच्या आठवणी दुसऱ्या धाग्यावर.

बोलायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरू: ५१२ जीबीची एकच एसएसडी असलेला लॅपटॉप, त्यावर विंडोज ११, शेजारी लिनक्स मिंट २२ (उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर बेतलेलं, एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट). कमांड इथे देवनागरीत लिहू, टाइप करताना अर्थात रोमन.

पहिलं काम माझ्याकडून: फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर. ती झाली नसेल तर पुढचं वाचूच नका.

रिकव्हरी की कागदावर

विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपांत डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, होम आवृत्तीतसुद्धा. मालकाला पत्ता नसतो. मग बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट (फक्त सही असलेलंच सुरू होऊ देणारी सोय) बदललं की टीपीएम किल्ली सोडत नाही आणि निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आधीच उघडून कागदावर उतरवा. तिचा फोटो त्याच लॅपटॉपात ठेवणं म्हणजे कुलपाची किल्ली पेटीतच ठेवून पेटी बंद करणं.

काम होईपर्यंत एन्क्रिप्शन बंद केलं तर सगळ्यात बरं. डिस्क पूर्ण उलगडायला वेळ लागतो, चार्जर लावून ठेवा.

सिस्टीम इन्फर्मेशन उघडून 'बायोस मोड' समोर काय लिहिलंय तेही आत्ताच बघा. विंडोज ११ असेल तर बहुधा यूईएफआय (यंत्र सुरू करायची नवी पद्धत) दिसेल. जुन्या यंत्रावर लेगसी (जुनी पद्धत) दिसलं तर पेनड्राइव्हही लेगसीतच सुरू करायचा. एक यूईएफआयमध्ये आणि दुसरं लेगसीत बसलं, तर दोन्ही चालतात पण एकाच्या मेनूत दुसरं कधीच येत नाही. 'ग्रब विंडोज दाखवत नाही' (ग्रब म्हणजे सुरुवातीला सिस्टीम निवडायचा मेनू दाखवणारा लिनक्सचा बूटलोडर) या तक्रारींचं हे एक नेहमीचं मूळ.

शटडाउन म्हणजे शटडाउन नव्हे

फास्ट स्टार्टअप चालू असताना विंडोज बंद केलं तर ते खरं बंद होत नाही. कर्नलची स्थिती हायबरफाइल नावाच्या फायलीत ठेवून ते अर्धं झोपतं, आणि सी ड्राइव्ह 'अजून वापरात' अशीच खूण राहते. लिनक्समधून ती उघडायला गेलात तर एकतर नकार, नाहीतर फक्त वाचायची परवानगी. जबरदस्तीने लिहिलंत आणि मग विंडोज जागं झालं, तर त्याच्या डोक्यातली फायलींची यादी आणि डिस्कवरची यादी जुळत नाही. फायली गायब होतात त्या इथे.

उपाय एका ओळीचा. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा: पॉवरसीएफजी, स्लॅश एच, ऑफ. फास्ट स्टार्टअप आणि हायबरनेशन दोन्ही जातं, वर काही जीबी जागाही सुटते. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर ते पुन्हा चालू झालंय का, ते एकदा पाहा.

सी ड्राइव्ह आकसत का नाही

२०० जीबी रिकामी असताना डिस्क मॅनेजमेंट म्हणतं, फक्त ११ जीबी सोडता येईल. कारण श्रिंक व्हॉल्यूम हे काम ड्राइव्हच्या शेवटाकडून करतं आणि वाटेत न हलणारी फाइल आली की तिथेच थांबतं. न हलणाऱ्या फायली मुख्यतः तीन: हायबरफाइल, पेजफाइल (रॅम कमी पडली की वापरायची), आणि सिस्टीम रिस्टोरच्या प्रती. पहिली वरच्या कमांडने गेली. पेजफाइल 'नो पेजिंग फाइल' करून बंद करा, सिस्टीम प्रोटेक्शन बंद करा, रीस्टार्ट, मग श्रिंक. झाल्यावर दोन्ही पुन्हा चालू करायला विसरू नका.

आकडा एमबीत टाकायचा असतो. १०० जीबीसाठी १०२४००. आणि मोकळी झालेली जागा तशीच 'अनअलोकेटेड' ठेवा. तिथे नवीन ई ड्राइव्ह करून ठेवायची काही गरज नाही.

विंडोजची जागा विंडोजच्याच अवजाराने कमी करावी, मिंटच्या इन्स्टॉलरने नव्हे. एन्क्रिप्टेड ड्राइव्ह तर तो इन्स्टॉलर आकसवू शकतच नाही.

पेनड्राइव्ह

८ जीबीचा पुरतो, मिंटची आयएसओ (इन्स्टॉलरची एकच मोठी फाइल) ३ जीबीच्या आसपास असते. उतरवल्यावर तिचा एसएचए २५६ (फाइल धड उतरली का ते सांगणारा आकडा) जुळवा, दोन मिनिटांचं काम आहे. रूफसने लिहा किंवा व्हेंटॉय घालून आयएसओ नुसती कॉपी करा. बूट मेनूची कळ: डेल आणि लेनोव्होला बहुधा एफ १२, एचपीला एफ ९, आसुसच्या लॅपटॉपला एस्केप.

लाइव्ह (डिस्कवर काही न टाकता, पेनड्राइव्हवरूनच) चालवून वायफाय, आवाज, टचपॅड, झाकण लावल्यावर झोपणं हे तपासा. वायफाय दिसत नसेल (ब्रॉडकॉमची जुनी कार्डं) तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा. ते लगेच चालतं आणि त्यावरून ड्रायव्हर उतरवता येतो.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही

नवीन इंटेल लॅपटॉपांवर हमखास येणारा प्रश्न. बायोसमध्ये डिस्क 'आरएसटी' किंवा 'व्हीएमडी' (डिस्क हाताळायच्या इंटेलच्या पद्धती) मोडमध्ये असते. ती एएचसीआय या साध्या पद्धतीवर आणावी लागते. पण थेट बदललंत तर विंडोज 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणत निळं होतं, कारण सुरुवातीला लागणारा ड्रायव्हर त्याने बाजूला ठेवलेला असतो.

क्रम असा. विंडोजमध्ये: बीसीडीएडिट, स्लॅश सेट, महिरपी कंसात करंट, सेफबूट, मिनिमल. रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा, एएचसीआय करा, सेव्ह. विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल आणि योग्य ड्रायव्हर स्वतः उचलेल. मग: बीसीडीएडिट, स्लॅश डिलीटव्हॅल्यू, महिरपी कंसात करंट, सेफबूट. पुन्हा रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, खात्याचा पासवर्ड आठवत असू द्या.

पार्टिशनचा पडदा

'अलाँगसाइड' हा पर्याय सोपा आहे, पण 'समथिंग एल्स' घेतलंत तर काय होतंय ते दिसतं. १०० जीबीत ४० ते ५० जीबी रूट (सिस्टीमची जागा, ईएक्सटी ४), उरलेलं होम (तुमच्या फायलींची जागा). टाइमशिफ्टच्या (सिस्टीम मागच्या स्थितीला नेण्यासाठीच्या) प्रती रूटवर साठत असतील तर रूट ६० करा. स्वॅप पार्टिशन (रॅम भरली की वापरायची डिस्कवरची जागा) रॅमच्या दुप्पट ठेवायचा जुना नियम होता, त्याबद्दल खाली.

यादीत १०० एमबीच्या आसपासचं, फॅट ३२ चं ईएफआय पार्टिशन दिसेल. त्याला हात लावायचा तो एवढाच: 'यूज ॲज ईएफआय' आहे ना ते बघा, आणि फॉरमॅटच्या चौकटीत खूण नाही ना ते दोनदा बघा. दोन्ही सिस्टीमचे बूटलोडर तिथेच शेजारी शेजारी राहतात: मायक्रोसॉफ्ट नावाचं एक फोल्डर, उबुंटू नावाचं दुसरं. मिंटचं फोल्डरही उबुंटू नावाचंच असतं. म्हणून मिंट आणि उबुंटू दोन्ही एकाच डिस्कवर टाकलेत तर एक दुसऱ्याचा बूटलोडर पुसतो.

स्वॅपबद्दल दुरुस्ती

'रॅमच्या दुप्पट' हा नियम ५१२ एमबी रॅमच्या जमान्यातला. आज वेगळं स्वॅप पार्टिशन लागतच नाही, इन्स्टॉलर स्वॅपफाइल करतो. ८ जीबी रॅमला २ ते ४ जीबीची पुरे. लिनक्स हायबरनेट करायचं असेल तरच रॅमएवढी हवी. पण दोन सिस्टीम असताना एकीला हायबरनेट करून दुसरी उघडणं मुळात टाळावं, कारण वर फास्ट स्टार्टअपबद्दल लिहिलंय तेच.

दोन डिस्क असतील तर

दुसरी एसएसडी बसवायची सोय असेल तर पार्टिशनच्या भानगडीत पडूच नका. फक्त एक सावधगिरी: इन्स्टॉल करताना विंडोजची डिस्क काढून ठेवा, निदान बायोसमधून बंद करा. मिंटच्या इन्स्टॉलरला 'बूटलोडर दुसऱ्या डिस्कवर टाक' सांगितलं तरी यूईएफआयमध्ये तो पहिल्या डिस्कवरचं ईएफआय पार्टिशन पकडतो. पुढे विंडोजची डिस्क काढली की लिनक्सही उठत नाही, आणि माणूस नवीन एसएसडीला दोष देत बसतो.

निळा पडदा, पण हा वेगळा

सिक्युअर बूट चालू ठेवूनही मिंट चालतं. मात्र एनव्हिडियाचा ड्रायव्हर किंवा व्हर्च्युअलबॉक्स टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. पुढच्या रीस्टार्टला 'मॉक मॅनेजमेंट'चा (यंत्राच्या मालकाने मान्य करायच्या किल्ल्यांचा) निळा पडदा काही सेकंदच येतो. तिथे 'एनरोल मॉक', 'कंटिन्यू', 'यस', तोच पासवर्ड. नुसता एंटर मारून पुढे गेलात तर ड्रायव्हर टाकलेला असूनही लागत नाही.

ऑगस्ट २०२४ मधल्या विंडोज अपडेटनंतर अनेकांचं लिनक्स 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' म्हणत अडलं होतं. त्या अपडेटने जुन्या बूटलोडरवर बंदी घातली होती. त्यावरचा उपाय अजूनही कामाचा आहे: सिक्युअर बूट बंद, लिनक्समध्ये सुडो, मॉकयूटिल, डॅश डॅश सेट-एसबॅट-पॉलिसी, डिलीट, रीस्टार्ट करून पुन्हा लिनक्समध्ये या, सगळे अपडेट घ्या, मग सिक्युअर बूट चालू.

साडेपाच तास

लिनक्समधून विंडोजमध्ये आलं की घड्याळ साडेपाच तास मागे. सकाळचे १० वाजलेत तर ४:३०. बिघाड नाही हा. मदरबोर्डच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक समजून वाचतं. उलट दिशेने गेलात तर घड्याळ तेवढंच पुढे, नेट जोडलं की सुधारतं. तोवर बँकेच्या साइट सर्टिफिकेटची तक्रार करतात.

लिनक्समध्ये: टाइमडेटसीटीएल, सेट-लोकल-आरटीसी, १. झालं.

घड्याळ : विंडोजला शिकवा

वरचा उपाय चालतो, पण त्यावर लिनक्स स्वतःच इशारा छापतं. माझं मत, विंडोजला बदलावं. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात) लोकल मशीनखाली सिस्टीम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, टाइमझोनइन्फर्मेशन. तिथे 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' नावाचं डीवर्ड, किंमत १. दोन्हीपैकी एकच करा. दोन्ही केलेत तर साडेपाच तास परत हजर, फक्त उलटे.

मराठी टंकन

आयबसमध्ये (लिनक्सच्या टंकनाच्या सोयीत) एम१७एन हा कीबोर्डांचा संच घातला की मराठी इनस्क्रिप्ट, फोनेटिक आणि आयट्रान्स हे तिन्ही मिळतात. लिबरऑफिसमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसत असतील तर भाषेच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्टची भाषा मराठी करा. नोटो देवनागरीसारख्या, मराठी वळण पोटात असलेल्या फॉन्टमध्ये अक्षर लगेच बदलतं.

श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांतल्या फायली असतील तर रूपांतर होईपर्यंत विंडोजचं बिऱ्हाड हलवू नका.

मेनूत विंडोज नाही, किंवा मेनूच नाही

दोन वेगळे आजार. मेनू येतो पण त्यात विंडोज नाही: ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टीम शोधणं मूळ सेटिंगमध्ये बंद असतं आणि काही वितरणं ते तसंच ठेवतात. ईटीसीमधल्या डिफॉल्ट फोल्डरात ग्रब नावाची फाइल उघडा, ग्रब-डिसेबल-ओएस-प्रोबर समोर फॉल्स लिहा (शब्द अंडरस्कोरने जोडलेले, नाव मोठ्या लिपीत), मग सुडो अपडेट-ग्रब.

मेनूच न येता थेट विंडोज उघडतं: अपडेटने बूटचा क्रम बदललेला असतो. बायोसमध्ये जाऊन उबुंटू वर आणा. लिनक्स पुन्हा टाकायची घाई करू नका, ते जागच्या जागी असतं.

लिनक्स काढायचं असेल तर

टाकण्यापेक्षा काढताना जास्त जण अडकतात. थेट पार्टिशन उडवलं की ग्रबची मेनूफाइल जाते, बूटलोडर मात्र ईएफआयमध्ये तसाच राहतो. मग काळ्या पडद्यावर नुसतं 'ग्रब' आणि लुकलुकणारा कर्सर. (तिथे अडकलात तर 'एक्झिट' टाइप करा. बऱ्याच यंत्रांवर विंडोजचा नंबर लागतो.)

म्हणून आधी बायोसमध्ये 'विंडोज बूट मॅनेजर' पहिला करा आणि विंडोज सरळ उघडतंय ना ते बघा. मग डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सची पार्टिशनं डिलीट, सीवर राइट क्लिक, एक्स्टेंड व्हॉल्यूम. मोकळी जागा सीला अगदी चिकटून उजवीकडे असेल तरच एक्स्टेंड उजळतं. मध्ये रिकव्हरी पार्टिशन असेल किंवा जागा डीतून काढली असेल तर ते फिकटच राहतं.

शेवटी ॲडमिनिस्ट्रेटर प्रॉम्प्टमध्ये: माउंटव्हॉल, एस कोलन, स्लॅश एस. एस ड्राइव्हवर ईएफआय फोल्डरात उबुंटू दिसेल, फक्त तेवढंच काढा. शेजारचं मायक्रोसॉफ्ट फोल्डर उडवलंत तर विंडोजचा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह शोधायला लागेल.