बाहुलीला चीर आहे, मग हृदय आणि किडनी कशाला तपासायची?

केळीवाला_यावल
नमस्कार मंडळी. पुतणी दोन महिन्यांची आहे, वहिनी तिला अंगणात तेल लावत होती तेव्हा आईला दिसलं की डाव्या डोळ्याची बाहुली गोल नाही, खाली ओघळलेली, कुलुपाच्या भोकासारखी. जळगावला दाखवलं तर डॉक्टर म्हणाले कोलोबोमा, जन्मतःच असतो. इथपर्यंत ठीक, पण वरून हृदयाचा टू डी एको, कानाची बेरा टेस्ट आणि किडनीची सोनोग्राफी लिहून दिली. भाऊ म्हणतो डोळा दाखवायला गेलो अन् अख्खं पोर तपासायला लावलं, कमिशनचं काम आहे. आई वेगळंच धरून बसलीय, ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणून बुबुळ चिरलं म्हणे. वहिनी नीट जेवत पण नाही. खरंच गरज आहे का?

चष्मा_भुसावळ
गरज आहे भो. मी डॉक्टर नाही, ऑप्टोमेट्री केलीय. पोटात डोळा बनताना खालच्या बाजूला एक फट असते, ती पाचव्या ते सातव्या आठवड्यात मिटते, नाही मिटली की कोलोबोमा. तेव्हा वहिनीला दिवस गेल्याचं जेमतेम कळलं असेल, ग्रहण कसलं घेऊन बसलात. साधारण त्याच दिवसांत हृदय आणि कानही बनत असतात, म्हणून ते तपासतात. चार्ज सिंड्रोम नावाचा प्रकार आहे त्यात डोळा, हृदय, कान, नाकाचा मागचा रस्ता असं एकत्र सापडतं, किडनीतही दोष असू शकतो. बाळ दूध पिताना निळं पडतं आणि रडलं की बरं होतं, असं काही आहे का बघा, असेल तर थांबू नका, लगेच दाखवा. बऱ्याच पोरांत मात्र फक्त डोळ्यापुरतंच असतं. आणि ड्रॉप टाकून पडदा बघितला का? चीर मागपर्यंत गेली असेल तर नजरेचा प्रश्न येतो.

धुळ्याची_आई
माझ्या मुलीला बुबुळच नाही, अ‍ॅनिरिडिया. धुळ्याच्या उन्हात तिला टोपी-गॉगलशिवाय दारातही नेता येत नाही. आम्हाला पण डोळ्याच्याच डॉक्टरांनी किडनीच्या सोनोग्राफीला धाडलं, कारण ११ नंबरच्या क्रोमोसोमचा तुकडा गळालेला असला तर डोळ्याच्या जीनशेजारचा दुसराही जातो आणि किडनीत विल्म्स ट्यूमर, म्हणजे लहान मुलांचा किडनीचा कॅन्सर, होऊ शकतो. रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत दर ३ महिन्यांनी सोनोग्राफी, त्या जेलचा गारवा लागला की पोरगी किंचाळायची. रिपोर्टमध्ये तुकडा शाबूत निघाला आणि ते बंद झालं. नसता निघाला तर साधारण ८ वर्षांची होईपर्यंत चालू राहिलं असतं. तुमचा प्रकार वेगळा आहे, आमचं ऐकून घाबरू नका. सासूबाईंना सांगा, सुनेला आधी जेवू घाला.

अंगणवाडी_चोपडा
पैशांचं म्हणाल तर आरबीएसके आहे ना, म्हणजे सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ पासून, जन्मापासून १८ वर्षांपर्यंत. अंगणवाडीत नाव सांगा, चिठ्ठी घेऊन सिव्हिलला जा. बेरा झोपेत करतात, म्हणून बाळाला आधी जागं ठेवा अन् तिथे गेल्यावर पाजा, नाहीतर दुसरी तारीख मिळते.

केळीवाला_यावल
धन्यवाद सगळ्यांना. निळी वगैरे पडत नाही. एको झाला, हृदय चांगलं आहे. बेरा राहिली, बसमध्येच झोपली तर काय करायचं ते सांगा 😅 आईला फट आणि आठवड्यांचं वाचून दाखवलं, काही बोलली नाही, पण रात्री वहिनीच्या ताटात कळण्याची भाकरी तिनेच वाढली.