मे महिन्यात लेंटर: ५३ ग्रेड की पीपीसी?

लष्करकर
ग्वाल्हेरच्या जनकगंजातल्या आमच्या वाड्याच्या मागच्या दोन खोल्या पाडून नव्या बांधतोय. पुढच्या आठवड्यात लेंटर, म्हणजे तुमच्या भाषेत स्लॅब. सिमेंट कुठलं घ्यायचं, साधं ५३ ग्रेड की राख मिसळलेलं पीपीसी, यावर वाद. ठेकेदार अडून बसलाय: "काकाजी, ५३ ग्रेड ही लाओ, पीपीसी में तो राख है." मुलगी दिल्लीहून फोनवर, "बाबा पीपीसीच घ्या, कार्बन कमी." दुकानात पाहिलं, बोरीवर खरंच फ्लाय ॲश २८ टक्के छापलंय. पाव बोरी राख विकत घ्यायची म्हणजे जिवावर येतं हो! त्यात शेजाऱ्यांच्या पीपीसीच्या लेंटरला गेल्या उन्हाळ्यात केसासारख्या भेगा पडल्या.

निवृत्त ओव्हरसियर
त्या भेगांचं आधी बघा. लू चालू असताना भरदुपारी माल ओतला की पृष्ठभाग तासाभरात सुकतो आणि चिरतो. तिथे ५३ ग्रेडही चिरलं असतं. संध्याकाळी ओता, लगेच ओली पोती अंथरा, दुसऱ्या दिवशी वाफे करून पाणी भरा.

राखेला नाक मुरडू नका. क्लिंकर, म्हणजे दळून सिमेंट होतं तो चुनखडी-मातीचा खडा, १४५० अंशांवर भाजतात, पण जास्त कार्बन इंधनातून नाही, चुनखडी उष्णतेने फुटताना तिच्यातूनच निघतो. म्हणून क्लिंकर जितका कमी, तितका कार्बन कमी. सिमेंट मुरताना जो मोकळा चुना सुटतो त्याच्याशी राख संयोग पावते, पण सावकाश, आणि ओल असेल तरच. मानकात ७ दिवसांची किमान ताकद ५३ ग्रेडला ३७ मेगापास्कल, पीपीसीला २२. फरक इथे आहे. म्हणून तराई, म्हणजे पाणी देऊन ओलं ठेवणं, १४ दिवस, आणि खालच्या टेकू-पाट्या घाईने काढायच्या नाहीत.

बडोदेकर
एलसीथ्री या कमी क्लिंकरच्या नव्या सिमेंटचं कुणी बोललंच नाही! ५० टक्के क्लिंकर, ३० भाजलेली चिनीमाती, १५ चुनखडी, ५ जिप्सम. माती साधारण ८०० अंशांत भाजते. तुमच्या शेजारी झाशीला या सिमेंटचं अख्खं घर बांधून दाखवलंय. भारतीय मानकही २०२३ मध्ये आलं, आयएस १८१८९.

निवृत्त ओव्हरसियर
पुढच्या आठवड्याच्या लेंटरला ते नाक्यावरच्या दुकानात मिळायचं नाही. बाकी भाजलेली माती नवी नव्हे. लष्करकर, तुमच्या वाड्याच्या भिंती चुना-सुरखीच्याच असतील. सुरखी म्हणजे विटांची पूडच की.

लष्करकर
आहेत ना, पाडताना पहारी वाकल्या. शेजाऱ्यांना विचारून आलो: माल दुपारी दोनला ओतला, तराई चार दिवस, मग लग्नाला उज्जैन. ठेकेदाराला म्हटलं, खरं सांग, राखेचं एवढं वाकडं का? हसला. शटरिंगच्या पाट्या आठव्या दिवशी मुरारच्या साइटवर हव्यात म्हणे. जास्तीच्या दिवसांचं भाडं मी द्यायचं ठरलंय. पीपीसीच्या बोऱ्या उद्या येतील.