दोन ट्रान्झिस्टर, एकच करंट : तुमचे अनुभव सांगा

पुस्तकात करंट मिरर अर्ध्या पानात आटोपतो. दोन सारखे ट्रान्झिस्टर घ्या (प्रत्येकाला तीन पाय : बेस, कलेक्टर, एमिटर), बेसला बेस जोडा, दोन्ही एमिटर ग्राउंडला. पहिल्याचा कलेक्टर त्याच्याच बेसला शॉर्ट करा आणि रेझिस्टरमधून त्यात १ मिलिअँपिअर सोडा. दुसऱ्याच्या कलेक्टरमधून तेवढाच करंट वाहील. झालं, पुढचा धडा.

टेबलावर मात्र तेवढाच कधी वाहत नाही. कारण साधं आहे. हे सर्किट थेट करंटची नक्कल करतच नाही. पहिला ट्रान्झिस्टर करंटचं बेस-एमिटर व्होल्टेज करून देतो, साधारण ०.६५ व्होल्ट, आणि दुसरा त्या व्होल्टेजचा पुन्हा करंट करतो. खोलीच्या तापमानाला हे व्होल्टेज ६० मिलिव्होल्टनं वाढलं की करंट दहापट. १ मिलिव्होल्टचा फरक पडला तर ४ टक्के. एवढ्या चढ्या वक्रावर उभं राहायचं तर दोन्ही ट्रान्झिस्टर खरोखर सारखे हवेत, आणि सगळी भानगड त्या 'सारखे'मध्येच आहे.

तर हा धागा त्यासाठी. तुमच्या कामात हे सारखेपण कुठे तुटलं, कशानं तुटलं आणि तुम्ही ते कसं सांभाळलंत? सुटे ट्रान्झिस्टर, चिप, सिम्युलेशन, सगळं चालेल. सूत्रं जरूर द्या, पण काय दिसलं ते आधी सांगा.

प्रयोगशाळेत शिकवणारी

मी पहिल्या तासाला काहीच समजावत नाही. ब्रेडबोर्डवर दोन बीसी ५४७ (साधे सुटे ट्रान्झिस्टर), साधारण १ मिलिअँपिअरचा मिरर, आउटपुटला मीटर. एका विद्यार्थ्याला सांगते, उजवीकडचा ट्रान्झिस्टर दोन बोटांच्या चिमटीत धर. मीटर १.०५ दाखवतो, मग १.१२, १.२०, चढतच राहतो. सोडला की सावकाश उतरतो. मग डावीकडचा धरायला लावते. आता आकडा खाली जायला लागतो, आणि वर्गात हमखास कुजबुज सुरू होते, कारण त्या ट्रान्झिस्टरच्या वाटेत मीटर नाहीच!

बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टनं उतरतं. दोघांच्या तापमानात १ अंशाचा फरक म्हणजे करंटमध्ये जवळपास ८ टक्के. हे फळ्यावर लिहिलं की मुलं उतरवून घेतात आणि विसरतात. चिमटीत धरल्यावर विसरत नाहीत. त्यानंतर दोन्हींच्या सपाट बाजू थर्मल पेस्ट लावून एकमेकींना चिकटवायच्या, वरून तांब्याची पट्टी गुंडाळायची आणि तोच प्रयोग पुन्हा. आकडा हलतो, पण कितीतरी कमी.

ऑडिओ अँप्लिफायर बांधणारा

पॉवर अँपच्या इनपुटला डिफरन्शिअल जोडी (दोन इनपुटमधला फरक वाढवणारे दोन ट्रान्झिस्टर) असते, तिच्या कलेक्टरना आधी मी नुसते रेझिस्टर लावायचो. एका मित्राच्या सांगण्यावरून तिथे मिरर बसवला. स्पेक्ट्रममध्ये दुसऱ्या हार्मोनिकची (मूळ सुराच्या दुप्पट वारंवारितेच्या विकृतीची) जी रेघ उठून दिसत होती ती बसली. मिरर जोडीच्या दोन्ही बाजूंना सारखाच करंट घ्यायला भाग पाडतो. जोडी समतोल झाली की सम हार्मोनिक्स एकमेकांना खातात. शिवाय दोन्ही बाजूंचा सिग्नल करंट पुढच्या स्टेजला मिळत असल्यानं गेनही दुप्पट. दोन ट्रान्झिस्टरच्या बदल्यात एवढं देणारी दुसरी युक्ती मला तरी माहीत नाही.

सुट्या ट्रान्झिस्टरच्या मिररमध्ये एमिटर रेझिस्टर मात्र हवेतच. ज्यांना ते फालतू खर्च वाटतात त्यांच्यासाठी हिशेब : दोघांच्या व्होल्टेजमध्ये ५ मिलिव्होल्टचा फरक असेल तर रेझिस्टरशिवाय करंट २१ टक्क्यांनी चुकतो. दोन्ही एमिटरमध्ये २२० ओहम टाका, १ मिलिअँपिअरला २२० मिलिव्होल्ट पडतात, आणि तीच चूक २ टक्क्यांवर येते. मिररचा स्वतःचा नॉइजही दबतो, ऑडिओत तर मी त्याच कारणासाठी टाकतो.

शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी

माझा अनुभव फक्त सिम्युलेटरचा. तिथे मिरर कायम शहाण्यासारखा वागायचा, कारण दोन्ही ट्रान्झिस्टरना एकच मॉडेल, एकच तापमान. बेस करंटमुळे करंट थोडा कमी यायचा, बीटा (कलेक्टर करंट बेस करंटच्या किती पट ते) १०० असेल तर २ टक्के, तेवढंच. मग आमच्या सरांनी आउटपुटचं व्होल्टेज ० ते १० व्होल्ट स्वीप करायला लावलं. मी आडवी रेघ येईल या अपेक्षेनं बसले होते, आली ती चढती. अर्ली व्होल्टेज (कलेक्टरवरचं व्होल्टेज वाढलं की करंट किती चढतो त्याचं माप, जेवढं मोठं तेवढा चढ कमी) १०० धरलं तर पहिल्या ट्रान्झिस्टरवर ०.७ व्होल्ट आणि दुसऱ्यावर १० व्होल्ट असताना ९ टक्के जास्त करंट! म्हणजे ट्रान्झिस्टर तंतोतंत सारखे असले तरी त्यांच्यावरचं व्होल्टेज सारखं नसेल तर उपयोग नाही. यावर उपाय कॅस्कोड (वर आणखी एक ट्रान्झिस्टर लावून खालच्यावरचं व्होल्टेज स्थिर ठेवणं) एवढाच का?

मोजमापाची उपकरणं डिझाइन करणारा

वरच्या प्रश्नाला उत्तर : विल्सन मिरर करून बघा. त्याची जन्मकथाही झकास आहे. १९६७ साली टेक्ट्रॉनिक्स या उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत बॅरी गिल्बर्ट आणि जॉर्ज विल्सन यांनी पैज लावली, फक्त तीन ट्रान्झिस्टरमध्ये अधिक चांगला मिरर रातोरात कोण शोधतो ते पाहू. विल्सननं पैज जिंकली. तिसरा ट्रान्झिस्टर आउटपुटच्या वाटेत बसतो आणि फीडबॅकनं दोन गोष्टी साधतो. आउटपुटचं व्होल्टेज कितीही नाचलं तरी खालच्या जोडीला त्याचा पत्ता लागत नाही, आणि बेस करंट एकीकडून जेवढा वजा होतो जवळपास तेवढाच दुसरीकडून. बीटा १०० असेल तर २ टक्क्यांची ती चूक ०.०२ टक्क्यांवर येते. मात्र खालच्या जोडीतल्या दोघांच्या कलेक्टर व्होल्टेजमध्ये एका डायोडएवढा फरक उरतोच. तो काढायला चौथा ट्रान्झिस्टर लागतो. मी चारच वापरतो, पैज वगैरे नाही लावायची मला.

किंमत मोजावी लागते ती जागेची, म्हणजे व्होल्टेजच्या जागेची. साधा मिरर ०.२-०.३ व्होल्टपर्यंत तग धरतो, विल्सनला ०.९ च्या आसपास लागतात. १५ व्होल्टच्या सप्लायवर कुणी विचारतही नाही. ३.३ व्होल्टवर वर एक आणि खाली एक लावलात की सिग्नलसाठी उरतं काय ते बघा.

चिपचं लेआउट करणारी

आमच्याकडे मॉसफेट, म्हणजे गेटवरच्या व्होल्टेजनं चालणारे ट्रान्झिस्टर. गेटला करंट लागत नाही, त्यामुळे बीटाची कटकट नाही, त्याऐवजी बाकीच्या दहा आहेत.

१ ला ४ असं गुणोत्तर हवं असेल तर चौपट रुंद ट्रान्झिस्टर काढत नाहीत. एकाच मापाचे पाच काढायचे, एक इकडे, चार तिकडे. लांबी सगळ्यांची एकच, तोंडं एकाच दिशेला. रांगेच्या दोन्ही टोकांना काहीही काम न करणारे डमी, कारण टोकाच्या ट्रान्झिस्टरचं कोरीवकाम मधल्यांपेक्षा वेगळं होतं. दोनाची जोडी असेल तर प्रत्येकाचे दोन तुकडे करून अ-ब-ब-अ असे मांडायचे, म्हणजे चिपवर एका बाजूनं दुसरीकडे काहीही बदलत गेलं, तापमान किंवा ऑक्साइडची जाडी, तरी दोघांच्या वाट्याला सरासरी तेच येतं. एवढं करूनही नशिबाचा भाग उरतो. तो क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो, पेलग्रोमचा १९८९ चा निबंध यासाठीच प्रसिद्ध आहे. चूक निम्मी करायची तर ट्रान्झिस्टर चौपट मोठे करा. मॅनेजरला हे दर वेळी नव्यानं सांगावं लागतं.

आणि एक, जे मला कुठल्या पुस्तकात ठळक सापडलं नाही. लांबच्या ब्लॉकला बायस (त्याच्या कामाचा ठरावीक करंट) द्यायचा तर गेटची तार ओढत नेऊ नका. तिथलं ग्राउंड आणि इथलं ग्राउंड एक नसतं. तारेत १ मिलिव्होल्ट पडला आणि ओव्हरड्राइव्ह (गेटचं व्होल्टेज ट्रान्झिस्टर चालू होण्याच्या उंबरठ्याच्या जेवढं वर असतं ते) ०.२ व्होल्ट असलं की करंट १ टक्क्यानं गेला. करंट पाठवा आणि व्होल्टेज तिकडे पोचल्यावर करा.

जुन्या सर्किटांचा शौकीन

सारखेपण मुद्दाम मोडून फायदा करून घेणारा माणूस म्हणजे चिप डिझायनर बॉब विडलर. त्यानं फक्त आउटपुटच्या एमिटरमध्ये रेझिस्टर टाकला. ७४१ या प्रसिद्ध ऑपअँपच्या (दोन इनपुटमधला फरक प्रचंड वाढवणाऱ्या चिपच्या) आकृतीत तो मला सापडला तेव्हा कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. ±१५ व्होल्ट, ३९ किलोओहम, मधे दोन डायोडएवढे ड्रॉप, म्हणजे ०.७३ मिलिअँपिअर. आउटपुटच्या एमिटरमध्ये ५ किलोओहम. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना करंट असल्यामुळे ते सरळ सुटत नाही, अंदाज घालून घालून जवळ जावं लागतं. २० मायक्रोअँपिअर घातलं तर उत्तर येतं १८.७, ते घातलं तर १९.१, मग १९ वर स्थिरावतं. तेवढाच करंट नुसत्या रेझिस्टरनं काढायचा तर दीड मेगओहम लागले असते, आणि चिपवर तेवढ्या रेझिस्टरच्या जागेत ट्रान्झिस्टरांची फौज मावते. नंतर हे सीए ३०४६ या ट्रान्झिस्टरांच्या चिपवर बांधलं. पाचही ट्रान्झिस्टर एकाच सिलिकॉनवर असल्यानं कागदावरचा आकडा आणि मीटर यांचं बऱ्यापैकी जमलं.

पॉवर सप्लायवाला

थोडक्यात. आउटपुट ट्रान्झिस्टरवर २० व्होल्ट आणि भरपूर करंट असेल तर सुट्या ट्रान्झिस्टरचा मिरर करू नका. तो तापतो, तापला की जास्त करंट घेतो, म्हणून आणखी तापतो. एमिटर रेझिस्टर टाका नाहीतर ऑपअँप लावून करंट मोजून सांभाळा.

प्रयोगशाळेत शिकवणारी

सहमत. लहान करंटसाठी एसएमडीत (बोर्डाच्या पृष्ठभागावर बसणाऱ्या भागांत) बीसीव्ही ६१ मिळतो, एकाच पॅकेजमध्ये दोन ट्रान्झिस्टर, पहिल्याचा कलेक्टर-बेस आतच जोडलेला. मला सुटे दोन निवडत बसण्यापेक्षा तो परवडतो.

चिप टेस्टिंगवाला

माझ्याकडे आलेली केस वेगळी. बँडगॅप रेफरन्सचे (तापमान बदललं तरी व्होल्टेज जवळपास कायम ठेवणाऱ्या सर्किटचे) काही नग थंड चेंबरमध्ये शून्य व्होल्ट देत होते. तपासायला आतल्या नोडवर प्रोब टेकवला की आउटपुट झटकन १.२ व्होल्टवर. प्रोब उचलला तरी चालूच. सप्लाय बंद करून पुन्हा दिला की पुन्हा शून्य!

अशा सर्किटमध्ये वरचा मिरर खालच्या जोडीला करंट देतो आणि खालची जोडी वरच्या मिररला. दोघंही आपापल्या जागी बरोबर, फक्त शून्य करंट हेही या जोडगोळीला मान्य असलेलं उत्तर आहे. प्रोबमुळे जो कणभर करंट गेला तेवढा धक्का पुरला. स्टार्ट-अप सर्किट होतं, पण थंडीत अशक्त पडत होतं.

शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी

मग हे सिम्युलेशनमध्ये का दिसलं नाही?

चिप टेस्टिंगवाला

सिम्युलेटर बहुतेक वेळा चालू असलेलंच उत्तर शोधून देतो, आणि सप्लाय एका झटक्यात वर नेला तर कपॅसिटरमधून जाणारा करंटच सर्किट जागं करतो. गरम असताना गळतीही मदतीला येते. म्हणून सगळ्यात कमी तापमान घ्या, सगळे नोड शून्यावर ठेवा आणि सप्लाय काही मिलिसेकंद घेत सावकाश चढवा. तसं केल्यावर आमच्या सिम्युलेशनमध्येही ते पडून राहिलेलं दिसलं.