उद्घाटनाची तारीख ठरली, पण जनावरंही तयार नाहीत आणि माणसंही. लेखी काय द्यावं?

अस्वलविभाग

मी एका शहराच्या प्राणीसंग्रहालयात वरिष्ठ प्राणीरक्षक आहे. अस्वलं आणि पाणमांजरं माझ्याकडे असतात. सध्या आमच्याकडे तीन नवी दालनं उभी राहताहेत: अस्वलांचं, पाणमांजरांचं, आणि लोकांनी आतून चालत जायचं मोठं पक्षीगृह. उद्घाटनाची तारीख जाहीर झाली, फलकही लागले. नेमकं याच वेळी कंत्राटी रक्षकांनी काम बंदची नोटीस दिली आहे.

थोडी मागची हकीगत सांगते, नाहीतर प्रश्न कळायचा नाही. संचालकपद बराच काळ प्रभारी आहे. क्युरेटर, म्हणजे जनावरांची सगळी व्यवस्था बघणारे अधिकारी, राजीनामा देऊन गेले, ती जागा भरलेली नाही. कायम रक्षक निवृत्त होत गेले तशी त्यांच्या जागी ठेकेदारामार्फत मुलं घेतली गेली. मुलं चांगली आहेत, दोघं तर माझ्याहून लवकर जनावराचा मूड ओळखतात. पण पगार उशिरा, हक्काची सुट्टी नाही, विमा आणि लसीकरणाबद्दल कुणी बोलत नाही, आणि करार संपत आला तरी पुढे ठेवणार की नाही ते शेवटच्या आठवड्यापर्यंत कळत नाही. त्यांची नोटीस मला रास्त वाटते, हे आधीच सांगून टाकते. व्यवस्थापनाचं म्हणणं असं की संप झालाच तर एजन्सीकडून रोजंदारीवर माणसं आणू, तारीख हलणार नाही.

आता जनावरांचं. जुन्या पिंजऱ्यातून नव्या रात्रघरात, म्हणजे जनावरांच्या रात्रीच्या बंद खोल्यांत, जायला बोळ काढलाय, तिथून आम्ही अस्वलांना रोज थोडा वेळ सवय करतो. धाकटी दोन सरळ जातात. थोरली मादी दाराशी येते, पुढचे पाय आत टाकते, मागचे बाहेर ठेवते आणि तशीच उभी राहते. मान खाली, नाक उंबऱ्यावर. दार बसवलं त्याच दिवशी ते तिच्यासमोर धाडकन आपटलं होतं. त्याचं प्रतिवजन नीट जुळवलेलंच नव्हतं. आता आम्ही दार अर्ध्यावर साखळीने बांधून ठेवतो, आत मध लावलेला ओंडका ठेवतो, आणि ती जितकी येईल तितकी येऊ देतो. परवा पहिल्यांदा तिन्ही पाय आत आले. चौथाही येईल, पण तिच्या वेळेने येईल. ती ज्या मुलाच्या शिट्टीला सगळ्यात चांगली येते तो मुलगा कंत्राटी आहे, आणि नोटिशीवर त्याची सही आहे.

आणखी एक गोष्ट मला झोपू देत नाही. ते दार ओढायची तरफ जिथे बसवली आहे तिथून दारच दिसत नाही. मधे भिंतीचा कोपरा येतो.

हे सगळं मी लेखी दिलं तर वरून ऐकायला मिळणार, "तुम्ही जनावरं पुढे करून युनियनचं काम करताय." नाही दिलं आणि काही घडलं, तर चौकशीत रक्षकाचा निष्काळजीपणा लागणार. इथे या क्षेत्रातली माणसं आहेत म्हणून विचारते: असं कसं लिहावं की ते जनावरांबद्दलच आहे हे वाचणाऱ्याला मान्य करावंच लागेल? आणि मुलांची बाजूही मला सोडायची नाही.

---

निवृत्त_हेडकीपर

ताई, दोन कागद करा. कामगारांचा वेगळा, जनावरांचा वेगळा. एका फाईलला लावू नका, एका दिवशी देऊ नका. जनावरांच्या कागदात "मनुष्यबळाअभावी" हा शब्दसुद्धा नको. कुठलाही अधिकारी तो शब्द वाचला की पुढचं वाचत नाही.

मग त्यात काय लिहायचं? दर जनावरामागे एक पान. हाक दिल्यावर रात्रघरात येतं का, किती वेळात येतं. दार बंद झाल्यावर शांत राहतं की फेऱ्या मारतं. आत पूर्ण खातं का, शेण नेहमीसारखं आहे का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुसऱ्या रक्षकाच्या हाकेला येतं का. तुमची थोरली एका मुलाच्या शिट्टीला येते हे त्या मुलाचं कौतुक आहे, पण दालनाच्या दृष्टीने ते अपुरं आहे. तो आजारी पडला तरी ती आत यायला हवी. आजपासूनच त्याच्या शेजारी दुसरा माणूस उभा करा. एकच घंटा ठरवा, ती दोघांनी आळीपाळीने वाजवायची आणि खाऊ त्याच क्षणी द्यायचा. हे शिकवायला तोच मुलगा लागणार. ही गोष्ट कागदावर आली की त्याला ठेवायचं कारण आपोआप दिसतं, तुम्हाला वेगळं लिहावं लागत नाही.

रात्रघर उद्घाटनासाठी धुऊन चकाचक करायला निघतील, ते अडवा. हेडिगर म्हणून स्विस प्राणीशास्त्रज्ञ होते, बर्न, बाझल आणि झुरिक या तिन्ही ठिकाणच्या प्राणीसंग्रहालयांचे ते संचालक होते. त्यांनी आयुष्यभर हेच सांगितलं की जनावराच्या लेखी पिंजरा हा त्याचा मुलूख असतो, आणि मुलुखाला त्याचा स्वतःचा वास लागतो. थोरलीच्या जुन्या खोलीतलं मळकं गवत आणि तिने नखं मारलेला ओंडका तसाच उचलून नव्या खोलीत ठेवा. धुवायचा नाही.

संपाबद्दल. आमच्याकडे मोठा संप झाला तेव्हा युनियनच्या पुढाऱ्यांशी बसून आम्ही आधीच ठरवलं होतं: वैरण, पाणी, औषधं, सकाळ-संध्याकाळची गणती आणि कुलपं या कामांवर संप नाही. तिकीटखिडकी, बाग, बॅटरी गाडी, प्रेक्षकांसमोरचं खाणं भरवणं, सगळं बंद. प्रेक्षक बंद, जनावरं चालू. पाळ्यांचा तक्ता युनियननेच सहीशिक्का करून दिला. त्यामुळे बाहेरची माणसं आणायला कारणच उरलं नाही.

बाहेरच्या माणसाच्या हातात किल्ली जाऊ देऊ नका, ताई, यावर मी हात जोडून सांगतो. तो वाईट नसतो, त्याला माहीत नसतं. आत किती आहेत ते मोजल्याशिवाय दार उघडायचं नाही, एक दार लागल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, कुलूप लावल्यावर ओढून बघायचं, हे हाताला वळण पडायला महिने जातात. अस्वलाला चूक करायला दोन सेकंद पुरतात.

---

तिसरी_पाळी

काकांचा अनुभव मोठा आहे, पण मी थोडं वेगळं बोलणार. मी स्वतः ठेकेदारामार्फत मत्स्यालय विभागात काम केलंय. उद्घाटन ही एकच वेळ असते जेव्हा वरचे लोक खाली बघतात. फीत कापून झाली की पुढची कित्येक वर्षं तुमची फाईल कुणी उघडत नाही. दोन कागद वेगळे ठेवा म्हणणं ठीक, पण कामगारांचा कागद नंतर दिला तर तो कचऱ्यात जाईल.

जनावरं पुढे करू नयेत हे मलाही पटतं. आमच्या पत्रकावर एकाने भुकेल्या माकडाचा फोटो छापला होता. लोक आमच्यावरच उलटले, आणि बरोबर उलटले. पण नव्या दालनाला किती माणसं लागणार हा प्रश्न दालनाच्या आराखड्यातच असायला हवा होता. काचेला, कारंज्याला, दगडी धबधब्याला तरतूद होते आणि ते रोज चालवणाऱ्या माणसाला होत नाही, हे बोललंच पाहिजे. ताई, तुम्ही कायम आहात. तुम्ही बोललात तर तुमची नोकरी जात नाही, मुलांची जाते. म्हणून तुम्हीच बोला.

---

डॉ_वन्यप्राणी

पशुवैद्य म्हणून माझ्या बाजूचे मुद्दे.

नवी जनावरं बाहेरून येणार असतील तर विलगीकरणाचे किमान 30 दिवस धरा, आणि ते दिवस तारखेच्या आधी मोजा. त्यात विष्ठेच्या तपासण्या होतात, रक्त तपासलं जातं, आणि त्या कक्षाचा रक्षक शक्यतो इतर विभागात फिरत नाही. म्हणजे एक माणूस तिथे अडकला. तुमच्या तक्त्यात तो धरला आहे का?

पक्षीगृहात काच असेल तर सुरुवातीला ती बाहेरून साबणाने किंवा चुन्याने पांढरी करा आणि पक्षी सरावले की थोडी थोडी पुसत जा. काच दिसत नाही म्हणून पहिल्याच तासात मान मोडलेले पक्षी मी उचललेत. हरणं हलवायची असतील तर घाई अजिबात नको. पाठलाग करून पकडलेलं हरीण त्या वेळी धडधाकट दिसतं आणि काही तासांनी किंवा दिवसांनी स्नायू फाटून, मूत्रपिंडं निकामी होऊन जातं. मग दोष भुलीच्या औषधाला देतात.

आणि रक्षकांच्या आरोग्य तपासणीबद्दल. व्यवस्थापन तिला कामगारांची मागणी म्हणून बाजूला टाकतं. माणसाचा क्षयरोग माकडांना आणि हत्तींना होतो. लेप्टोस्पायरोसिस जनावरांच्या मूत्रातून रक्षकाला होतो. खोकणारा मुलगा पगार कापला जाईल म्हणून सुट्टी घेत नसेल तर तो माझ्या दृष्टीने थेट वैद्यकीय धोका आहे. हा मुद्दा जनावरांच्या कागदात बिनदिक्कत घाला, खाली पशुवैद्यकाची सही घ्या. तो तिथलाच आहे. आजारपणाच्या रजेचा विषय त्यातूनच टेबलावर येतो.

---

खंदक_आणि_भिंत

मी प्राणीसंग्रहालयांची बांधकामं केली आहेत. तरफेचा मुद्दा सगळ्यात वर लिहा. दार चालवणाऱ्याला दार आणि जनावर दोन्ही दिसलंच पाहिजे. यात मतभेदाला जागा नाही. आरसा बसवणं ही तात्पुरती मलमपट्टी, तरफच हलवायला सांगा. ठेकेदाराचं शेवटचं बिल निघायच्या आत सांगा, नंतर कुणी फोन उचलत नाही.

उंच्या नकाशावरून घेऊ नका, टेप लावा. हागेनबेक यांनी 1907 मध्ये हॅम्बुर्गजवळ गजांऐवजी खंदकांचं प्राणीसंग्रहालय उघडलं, त्याआधी कुठलं जनावर किती लांब आणि किती उंच उडी मारतं हे प्रत्यक्ष जनावरांवर पाहून घेतलं होतं. उलट 25 डिसेंबर 2007 रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणीसंग्रहालयात वाघीण खंदकाची भिंत चढून बाहेर आली, एक माणूस गेला, दोघं जखमी झाले, वाघिणीलाही गोळी घालावी लागली. आधी सांगितलं गेलं भिंत 18 फूट आहे. मोजल्यावर भरली सुमारे 12.5 फूट. शिफारस होती 16.4 फुटांची. इतकी वर्षं ती भिंत तिथे होती आणि सगळे आकडा तोंडपाठ सांगत होते.

बाकी बारीकसारीक: पाणमांजरांचा नवा हौद सिमेंटचा असेल तर भरून, उपसून, पुन्हा भरून पाण्याचा क्षार उतरेपर्यंत जनावर सोडू नका. जाळीचं भोक मोठ्या पाणमांजराला नाही, पिल्लाला लावून बघा. जमिनीवरून मोठं चुंबक फिरवा. खिळे, वेल्डिंगच्या काड्या, बांधणीच्या तारेचे तुकडे बादलीभर निघतात. आणि सुशोभीकरणवाल्याने कण्हेर लावली आहे का ते स्वतः जाऊन बघा. फुलं छान दिसतात म्हणून लावतात, आणि थोडी पानं खाल्ली तरी हरणासारखं जनावर मरतं.

---

अस्वलविभाग

सगळ्यांचे मनापासून आभार. कण्हेर होती! पक्षीगृहाच्या मागे, हरणांच्या कुंपणाला लागून, ओळीने. काल बागेच्या माणसांना उभं राहून उपटायला लावली आणि फांद्या बाहेर टाकायला लावल्या.

काका, पानं लिहायला घेतली आहेत. थोरलीचं पान सगळ्यात मोठं झालंय. घंटा आणली. शिट्टीवाला मुलगा आणि मी दोघं आळीपाळीने वाजवतो. माझ्या घंटेला ती अजून आधी त्याच्याकडे बघते, मग खाऊकडे येते.

तिसरी पाळी, तुमचं म्हणणं लागलं. दोन कागद वेगळेच राहतील, पण एका आठवड्याच्या आत दोन्ही देईन, आणि दुसऱ्यावर माझी सही पहिली असेल. डॉक्टर, आरोग्य तपासणीचा मुद्दा आमच्या पशुवैद्यांना वाचून दाखवला, ते सही करतो म्हणाले. तरफेचा फोटो काढून, तिथून काय दिसतं आणि काय दिसत नाही ते बाणाने दाखवून अर्जाला जोडलंय. मुलांशीही बोलले. वैरण, पाणी, औषधं, गणती आणि कुलपं नोटिशीतून वगळायला ते तयार आहेत, फक्त तक्ता व्यवस्थापनाने नाही तर त्यांनी बनवायचा अशी अट आहे. मला ती योग्य वाटते.

एकच अडतंय. तारीख पुढे ढकला असं मी थेट लिहावं का?

---

निवृत्त_हेडकीपर

तसं लिहू नका. तीन दालनं आहेत ना? मग लिहा की पाणमांजरांचं ठरल्या तारखेला उघडता येईल, हौदाचं पाणी तपासून. पक्षीगृह काच पुसून झाल्यावर. अस्वलांचं, तिन्ही अस्वलं दोन वेगवेगळ्या रक्षकांच्या घंटेला सलग दोन आठवडे आत आल्यानंतर आणि तरफ हलवल्यानंतर. फीत कापायला त्यांना एक दालन मिळतं, त्यामुळे "नाही" म्हणायला जड जातं. त्या दोन आठवड्यांची रोजची नोंद वहीत करा, घंटा कुणी वाजवली त्याच्या नावासकट, मग तो कायम असो की कंत्राटी. वहीची पानं क्रमांक घातलेली असू द्या.